चंद्रभान मापाड्यांची वाजवी यादी

वाजवी हा शब्द चंद्रभान मापाडी परत येईपर्यंत आमच्या गावात फारसा कुणी वापरीत नसे. देणारा आपल्या वस्तूचे मोल चौपट सांगे, घेणारा ते चौथाईवर आणी, दोघेही एकमेकांच्या खानदानाचा उद्धार करीत आणि मध्येच कुठेतरी सौदा पटे. या पद्धतीत वेळ फार जाई. पण वेळ ही आमच्याकडची सर्वांत मुबलक जिन्नस असल्यामुळे तिची उधळपट्टी कुणाच्या डोळ्यांवर येत नसे.

चंद्रभान यांनी सेलूच्या कापूस बाजारात सत्तावीस वर्षे काढली होती. मापाडी म्हणजे शेतकरी आणि अडत्या यांच्या मध्ये काट्यापाशी उभा राहणारा, आणि म्हणून दोघांच्याही शिव्या खाणारा माणूस. चंद्रभान यांच्या वाट्याला त्या थोड्या कमी आल्या, कारण काटा पुरता स्थिर झाल्याशिवाय ते आकडा बोलत नसत. त्यांचा आणखी एक नेम होता. मापाड्याने स्वतःच्या घरच्या मालाला माप लावायचे नाही, हा त्या धंद्याचा जुना दंडक. बाकीचे मापाडी तो सोयीने पाळीत, चंद्रभान सक्तीने पाळीत. त्यांच्या दोन एकरांतला कापूस बाजारात आला की ते लांब लिंबाखाली जाऊन पाठमोरे उभे राहत आणि दुसऱ्याकडून तो मोजून घेत. दुसरा दर खेपेला दोनतीन किलो कमी मोजी. चंद्रभान कधी बोलले नाहीत. बाजाराने याला सचोटी म्हटले. त्यांच्या पत्नी धुरपताबाई यांनी याला जो शब्द योजला होता, तो इथे लिहिण्याजोगा नाही.

१९७९ च्या उन्हाळ्याआधी ते गावी परतले, तेव्हा गावच जागेवरून उठत होते. दुधना नदीचे पाणी एका पावसाळ्यात मारुतीच्या ओट्यापर्यंत चढले होते आणि सरकारने सगळी वस्ती मैलभर वरच्या माळावर नेण्याचे ठरवले होते. सरकारी नकाशात सगळे भूखंड एका मापाचे आणि एकमेकांना लागून होते. गावाने त्यात एकच दुरुस्ती केली: बौद्धवाड्याचे भूखंड आणि उरलेले गाव यांच्यामध्ये एक अख्खी रांग रिकामी सोडली. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला त्याला अजून वर्ष पुरे झाले नव्हते. गावातली महाविद्यालयात जाणारी आम्ही पाचसहा मुले त्या रिकाम्या रांगेविषयी शहाण्यासारखी गप्प राहिलो.

भूखंडाबरोबर मिळालेल्या अनुदानात घराचा पाया निघत होता. पायावर घर उभे राहते, हे सरकारला माहीत असावे. कशाने, ते त्याने आमच्यावर सोपवले होते. म्हणून प्रत्येकाने आपापले जुने घर उतरवायला घेतले. कुणाकडे लाकूड निघाले, पण दगड मातीत विरून गेले होते. कुणाकडे घडीव दगड गाडीभर, पण वर टाकायला काही नाही. माळावर ढीग पडले आणि ढिगांवर माणसे बसली. एकाची तुळई दुसऱ्याच्या विटांना द्यायची, तर किती विटांना? जुन्या पद्धतीने सौदे सुरू झाले, आणि पंधरा दिवसांत दोन डोकी फुटली.

तेव्हा चंद्रभान यांनी शाळेच्या नव्या भिंतीवर चुन्याने पट्टा ओढून गेरूने यादी लिहिली. वर मथळा होता: वाजवी मोल.

सगळे मोल त्यांनी पत्र्यात ठरवले. आठ फुटी एक पत्रा, हे माप. त्यांचे म्हणणे असे की नव्या गावठाणात पत्राच एक सगळ्यांना हवा आहे, म्हणून पत्र्यानेच सगळे मोजावे. दोनशे विटांना एक पत्रा. गाडीभर घडीव दगडांना दोन. लिंबाच्या तुळईला तीन. बाभळीच्या साध्या दाराला दोन. गवंड्याच्या तीन दिवसांना एक, आणि माती कालवणाऱ्या बाईच्या दहा दिवसांना एक. गावात पत्रा फक्त दिनकररावांकडे होता. पिठाच्या गिरणीचे मालक आणि सोसायटीचे चेअरमन असलेल्या या गृहस्थांनी पुनर्वसनाची बातमी कागदावर येण्याआधीच ट्रकभर पत्रा आणून गिरणीमागे रचला होता. ज्या वस्तूने सगळ्यांचे मोल करायचे, ती एकाच माणसाच्या ताब्यात असावी यात चंद्रभान यांना काही वावगे दिसले नाही. सेलूलाही काटा अडत्याचाच असे.

मोल काढण्याची त्यांची रीत मात्र निर्दोष होती. वस्तू ज्याची, त्याला एकट्याला गाठून विचारायचे की किती घेशील. मग ज्यांना ती हवी, त्यांना वेगळे गाठून विचारायचे की किती देशील. दोहोंचा मध्य काढायचा आणि भिंतीवर लिहायचा. यासाठी ते घरोघर फिरले. रिकामी रांग ओलांडून बौद्धवाड्यातही गेले. दिनकररावांनी त्यांना हटकले, तिकडे कशाला विचारायला जाता म्हणून.

“तिकडं दगुड हलका निघालाय काय?” चंद्रभान म्हणाले, आणि पुढच्या घरी गेले.

इथवर सगळे ठीक होते. अडचण सागवानी दारापाशी आली. निजामाच्या अमदानीत एकाच सुताराने केलेली, एकाच नक्षीची, चौकटीसकट सागवानी दारे गावात चार होती. चारांपैकी एक चंद्रभान यांचे स्वतःचे. आता स्वतःच्या मालाला माप लावायचे नाही, हा नेम. मग मालक म्हणून स्वतःलाच विचारून स्वतःच मध्य काढणे त्यांना धडधडीत लबाडी वाटली. त्यांनी देणाऱ्याची बाजू सोडून दिली, आणि फक्त घेणाऱ्यांना विचारले. घेणाऱ्यांत अर्थातच दिनकरराव होते. त्यांनी बराच विचार केल्यासारखे करून पाच पत्रे सांगितले. चंद्रभान यांनी भिंतीवर लिहिले: सागवानी दार, चौकटीसकट, पाच पत्रे. उरलेल्या तीन मालकांना वेगळे विचारण्याची गरज राहिली नाही. दार तेच, नक्षी तीच, मग मोल निराळे कसे?

धुरपताबाईंनी हे पाण्याच्या टँकरपाशी ऐकले आणि हंडा तसाच ठेवून घरी आल्या.

“आपलं दार हाय म्हनून पाच. दुसऱ्याचं ऱ्हातं तर किती लिवले असते?”

“दुसऱ्याचं असतं तर त्याला इचारलं असतं,” चंद्रभान म्हणाले.

धुरपताबाईंना या उत्तरावर हसावे की कपाळ बडवून घ्यावे हे सुचले नाही. त्यांची निकड साधी होती. थोरली लेक केशर राणीसावरगावला दिलेली; तिला सातवा महिना लागला होता आणि पहिले बाळंतपण माहेरीच व्हायचे होते. घराच्या भिंती उभ्या होत्या, वर आभाळ होते. तीन खणांना चौदा पत्रे लागत होते. केशरच्या सासूने निरोप धाडला होता की माहेरी छप्पर नसले तर संकोच करू नका, आमच्याकडे गोठ्यालासुद्धा पत्रा हाय. हा निरोप धुरपताबाईंना पाठ होता, आणि त्या तो दिवसातून दोनदा म्हणून दाखवीत. घरात देण्याजोगी वस्तू एकच उरली होती, ती म्हणजे दार. आणि नवऱ्याने तिचे मोल पाच पत्रे करून ठेवले होते.

“पाच पत्र्यांत बाळतीन झाकती,” त्या म्हणाल्या, “पोरगं उघडं ऱ्हातंय. त्येला यादीत बसवा.”

यादीचा गावाला मात्र फायदा झाला, हे मान्य केले पाहिजे. डोकी फुटायची थांबली. ज्याला जे हवे ते भिंतीवर बघून मिळू लागले. सर्वांत जास्त फायदा अर्थात दिनकररावांचा झाला, पण त्यांनी त्याचा गर्व केला नाही. उलट येता-जाता ते भिंतीपुढे थांबत आणि चंद्रभान यांच्या इमानदारीची तारीफ करीत. एका महिन्यात त्यांनी पंधरा पत्र्यांत तीन सागवानी दारे घेतली. तिसरे दार कडूबाईंचे होते. या विधवा, एकट्या राहणाऱ्या आणि अर्धा एकर कसणाऱ्या. दोन खणांची जागा त्यांनी आखली होती, पण भिंतीच अजून उठल्या नव्हत्या, त्यामुळे दाराचे आलेले पाच पत्रे त्यांनी तसेच उभे करून ठेवले होते आणि त्यांच्याच आडोशाला चूल मांडली होती. दार देताना त्यांनी काही कुरकुर केली नाही. भिंतीवर लिहिलेले वाचता येत नव्हते, तरी ते वाजवी असणार असा त्यांचा समज होता. चंद्रभान भाऊंनी लिहिले होते.

वैशाखात एका गुरुवारी दिनकरराव चौथ्या दारासाठी आले. त्यांनी धुरपताबाईंच्या हातचे पाणी घेतले, घराच्या भिंतींची तारीफ केली आणि शनिवारी गाडी पाठवतो म्हणाले. चंद्रभान यांनी, लेकीचे दिवस भरत आले आहेत, दार एवढ्यात काढावे की नाही याचा विचार चालला आहे, असे काहीतरी पुटपुटले.

“मापाडी, भाव तुमी लावलाय,” दिनकरराव अगदी प्रेमाने म्हणाले. “भाव लावून माल दाबून ठिवायला तुमी काय व्यापारी हाव का?”

हा घाव नेमका लागला. चंद्रभान यांच्या लेखी गोष्ट स्पष्ट होती. जो भाव दुसऱ्याच्या दाराला खरा, तो आपल्या दारापाशी आल्यावर खोटा पडत असेल, तर ती यादी नव्हे, फसवणूक. जो कुणी पाच पत्रे पुढ्यात आणून टाकील, त्याला दार द्यावे लागणार. त्यांनी धुरपताबाईंना तसे सांगितले. त्या दिवशी त्यांच्या घरात भाकरी झाली, पण जेवायला बोलावणे झाले नाही.

शुक्रवारी सकाळी टँकरपाशी कडूबाई आणि धुरपताबाई बराच वेळ उभ्या होत्या. टँकर निघून गेला तरी उभ्या होत्या. कडूबाईंचा भाऊ सुग्रीव सेलूला हमाली करी. तो आदल्या दिवशी बहिणीकडे आला होता, आणि त्याने सांगितले की आपल्या गावची तीन दारे तिथल्या एका लाकडाच्या वखारीत उभी आहेत. वखारवाल्याकडे कुण्या बंगलेवाल्याची मागणी होती, एकसारख्या चार दारांची. चौथे आल्याशिवाय तो माल उचलणार नव्हता आणि दिनकररावांनी चारांचा विसार आधीच खिशात घातला होता. ही बातमी धुरपताबाईंनी नवऱ्याच्या कानावर घातली नाही. त्या नंतर सांगत, की सांगितली असती तर यांनी ती भिंतीवर लिहिली असती.

दुपारी कडूबाई सुग्रीवच्या डोक्यावर पाच पत्रे देऊन चंद्रभान यांच्या दारात आल्या.

“भाऊ, यादीपरमानं आनलेत. दार द्या.”

चंद्रभान गोंधळले. कडूबाईंनी महिन्यापूर्वीच असेच दार दिले होते, याच पाच पत्र्यांना. आता हेच पत्रे देऊन तसलेच दार त्या घेत होत्या. यात कुठेतरी काहीतरी वाकडे आहे असे त्यांना वाटत होते. पण हिशेब पाहावा तर तो तंतोतंत सरळ. दिनकरराव उद्या येणार आहेत, असे त्यांनी सुचवून पाहिले.

“ते बोलल्यात. म्या आनलेत,” कडूबाई म्हणाल्या.

चंद्रभान यांनी पत्रे मोजले. त्यांच्या धंद्यात पहिल्या नगाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. त्यांनी लाभ म्हटले, मग दोन, तीन, चार, पाच. एकूण एक पत्रा खणखणीत होता. सुग्रीवने चौकट उपटली. धुरपताबाईंनी दारावरून एकदा फडके फिरवले, आणि मोकळ्या जागी गोणपाट लावले.

शनिवारी दिनकररावांची गाडी गोणपाटापाशी येऊन थांबली. तिथून ती कडूबाईंच्या ढिगाऱ्याकडे वळली, आणि मागोमाग वीसपंचवीस माणसेही वळली, कारण त्या दिवशी गावात दुसरी करमणूक नव्हती. कडूबाई दार आडवे टाकून त्याच्यावर बसल्या होत्या आणि शेंगा सोलत होत्या.

दिनकररावांनी पाच पत्रे काढायला सांगितले. कडूबाई म्हणाल्या की दार द्यायचे नाही. दिनकररावांनी यादीचा दाखला दिला. कडूबाई म्हणाल्या की यादीत मोल लिहिले आहे, दिलेच पाहिजे असे कुठे लिहिले आहे? सगळ्यांनी चंद्रभान यांच्याकडे पाहिले. त्यांना कबूल करावे लागले की तसे लिहिलेले नाही. तसे बंधन एकट्या मापाड्यावर होते, आणि ते त्याने स्वतःच घालून घेतलेले होते.

दिनकररावांनी मन मोठे करून दहा पत्रे म्हटले. तेव्हा कडूबाईंनी शेंगांचे सूप बाजूला ठेवले.

“माझं पयलं दार गेलं तवा कुनी मला इचारलंच न्हाई, किती घेनार म्हनून. आता इचारायलाव, तर सांगते. पंचवीस.”

“पंचवीस पत्र्यांत घर झाकतंय, कडूबाई.”

“माझं न्हाई झाकलं. उघड्यावरच हाय मी. बघायलाव न्हवं?”

माणसे हसली. पुढचे सगळे जुन्या पद्धतीने झाले. दिनकररावांनी दोनदा गाडी वळवली, दोनदा परत आणली. कडूबाईंनी त्यांच्या गिरणीचे पीठ, सोसायटीचे खत आणि मयत वडील या तिन्ही गोष्टींवर आपले मत सांगितले. वखारवाल्याचा निरोप सकाळीच आलेला होता की चौथे दार आठवड्यात नाही आले, तर विसार परत. ऊन डोक्यावर आले तेव्हा वीस पत्र्यांवर सौदा पटला. नव्या गावठाणातला तो पहिलाच सौदा, की जो पटल्यावर गावाला वाटले, एखाद्याला बरोबर मोल मिळाले. आणि तो यादीत कुठेच बसत नव्हता.

कडूबाईंनी विसांतले अकरा ठेवले. उरलेले नऊ सुग्रीवने चंद्रभान यांच्या भिंतीला आणून टेकवले. आधीचे पाच आणि हे नऊ मिळून चौदा होत होते. चंद्रभान यांनी बेरीज केली आणि त्यांचा चेहरा उतरला.

त्यांनी सुग्रीवला पत्रे उचलायला सांगितले. दाराचे पाच आपल्याला मिळाले, व्यवहार पुरा झाला. हे नऊ कशाचे? यांच्या बदल्यात आपण काहीच दिलेले नाही. यादीत अशा घेण्याला जागा नाही. आणि ज्याने यादी लिहिली, त्यानेच मोल दिल्याशिवाय माल घरात घ्यायचा, हे आपल्याला कबूल नाही. ते बराच वेळ बोलले, अतिशय मुद्देसूद बोलले. सुग्रीव कधी त्यांच्याकडे आणि कधी धुरपताबाईंकडे पाहत उभा राहिला. त्याला त्या दिवशी राणीसावरगावच्या बाजूने येणारी दुपारची एसटी थांब्यावर थांबलेली दिसत होती आणि तिच्यातून सासऱ्याचा हात धरून, एक एक पायरी सांभाळत, केशर उतरत होती.

धुरपताबाईंनाही ती दिसली. त्या भांडल्या नाहीत.

“परत करा,” त्या म्हणाल्या. “पन आधी भितीवर लिवा, लेकीचं बाळतपन किती पत्र्याचं. तुमी लिवा, मग म्या सवता नऊ पत्रे डोक्यावर घिऊन जाते.”

चंद्रभान यांनी गेरूचा डबा आणि कुंचला घेतला व ते शाळेकडे निघाले. मागोमाग निम्मे गाव निघाले. भिंतीपुढे ते किती वेळ उभे होते, याविषयी मतभेद आहेत. कुणी अर्धा तास म्हणतात, कुणी चांगला तासभर. कुंचल्यावरचा गेरू वाळला, त्यांनी तो पुन्हा बुडवला. तो पुन्हा वाळला. माणसांना वाटले, आता ही यादी पुसली जाणार. काहींना वाटले, दिनकररावांचे नाव लिहिले जाणार. दिनकररावांनाही तसे वाटले असावे, कारण ते गिरणीतून बाहेर आले नाहीत.

शेवटी चंद्रभान यांनी सागवानी दाराचा आकडा खोडला. देणारी पंचवीस म्हणाली होती, घेणारा दहा म्हणाला होता. त्यांनी रीतीप्रमाणे मध्य काढला आणि नवे मोल लिहिले: साडेसतरा पत्रे. सौदा विसाला झाला होता, ही गोष्ट त्यांच्या रीतीत बसत नव्हती, म्हणून त्यांनी ती लक्षात घेतली नाही. गेल्या दोन महिन्यांत सागवानी दाराचा एवढाच आकडा असा होता की ज्यात देणाऱ्याला खरोखर विचारले गेले होते आणि घेणाऱ्याला खरोखर गरज होती. तो लिहून होईपर्यंत चौथे दार सेलूच्या रस्त्याला लागले होते. गावात सागवानी दार एकही उरले नव्हते.

बाळंतपणाचा आकडा त्यांनी लिहिला नाही. गेरू संपला होता असे ते म्हणाले. डबा निम्मा भरलेला होता, हे पुढे उभ्या असलेल्यांना दिसत होते.

ते घरी परतले तेव्हा केशर सावलीला बसून पाणी पीत होती. तिचे सासरे वर पाहत होते. त्यांना पाहण्याजोगे आता काही उरू नये, या बेताने सुग्रीव आणि गवंडी दहावा पत्रा चढवत होते. धुरपताबाईंनी नवऱ्याकडे न बघता, शिडी डगमगायली, धरा जरा, म्हणून सांगितले. चंद्रभान यांनी शिडी धरली. ती कुणाची होती आणि किती मोलाने आणली होती, हे त्यांनी विचारले नाही.